वाचकांचे प्रश्न : राष्ट्रीय वनातील अर्ध्या दिवसाची डोंगरवाट

प्रश्न : येत्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही पती-पत्नी (वय ६४ आणि ६१) मुलाकडे बॉस्टनला जात आहोत. मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू यांच्यासह न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन राष्ट्रीय वनात एक दिवस डोंगर चढण्याचा बेत आहे. मुलाने वेल्च आणि डिकी या जोडशिखरांचा फेरा निवडला आहे. तो ४.४ मैलांचा, म्हणजे सुमारे सात किलोमीटरचा आहे आणि त्याची श्रेणी ‘मध्यम’ अशी दिलेली आहे. आम्ही दोघे रोज पाच किलोमीटर चालतो आणि सह्याद्रीतील अनेक किल्ले पूर्वी चढलेलो आहोत. हे अंतर आम्हांला झेपेल का, परवानगी लागते का आणि तयारी कोणती करावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अंतर आपल्याला निश्चित झेपेल, मात्र बेत अंतरावरून आखू नये. डोंगरात वेळ खातो तो चढ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली याचा एक साधा हिशेब मांडला होता : दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. व्हाइट माउंटनमध्ये चालणारे लोक याहून थोडा सावध हिशेब वापरतात. प्रत्येक मैलाला अर्धा तास आणि प्रत्येक हजार फूट चढाला आणखी अर्धा तास असा तो आहे. आपल्या फेऱ्यात एकूण चढ सुमारे १,८०० फुटांचा आहे. म्हणजे अंतराचे दोन तास बारा मिनिटे आणि चढाची चोपन्न मिनिटे धरून तीन तासांहून किंचित जास्त वेळ होतो. यात थांबणे, खाणे, फोटो काढणे आणि बुटांच्या नाड्या पुन्हा बांधणे यांतले काहीही धरलेले नाही. तीन पिढ्या एकत्र चालणार असतील, तर साडेचार ते पाच तास धरावेत आणि त्याहून कमी वेळात परत आल्यास आनंद मानावा.

आता वाटेकडे पाहू, कारण ‘मध्यम’ या एका शब्दामागे बरेच काही दडलेले असते. वाहनतळापासून थोड्याच अंतरावर वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडचा फाटा वेल्चकडे आणि डावीकडचा डिकीकडे जातो. फेरा असल्यामुळे कोणत्याही बाजूने गेले तरी माणूस परत तिथेच येतो, पण बहुतेक जाणकार उजवीकडून, म्हणजे आधी वेल्च चढून डिकीवरून उतरतात. त्याला सबळ कारण आहे. वेल्चच्या माथ्याखालचा भाग हा ग्रॅनाइटचा उघडा, तिरका कातळ आहे. कोरड्या कातळावर बुटाचा तळवा उत्तम पकड घेतो आणि समोर बघत चढणाऱ्याला फारसे काही वाटत नाही. तोच कातळ उतरताना मात्र तोल पुढे जातो, खालची दरी सतत नजरेसमोर राहते आणि गुडघे कुरकुरू लागतात. म्हणून अवघड टप्पा चढून जावा आणि त्या मानाने सोपी बाजू उतारासाठी ठेवावी. डिकीच्या उतारावरही एक लांब उघडा कातळ असून त्याच्या एका अंगाला खोल कडा आहे. तिथे नातवाचा हात कोणी धरायचा हे आधीच ठरलेले असावे.

या मांडणीतून एक अडचण निघते आणि माझ्या मते आपल्या संपूर्ण बेताचा कणा तीच आहे. कातळटप्पे चढून वेल्चच्या माथ्यावर पोहोचल्यानंतर कोणी दमले, तर आल्या वाटेने परतणे हा पुढे जाण्यापेक्षा वाईट पर्याय ठरतो. म्हणजेच परतीचा निर्णय माथ्यावर घेऊन उपयोग नाही. तो कातळ सुरू होण्यापूर्वी घ्यावा लागतो. सुदैवाने या वाटेवर त्यासाठी नेमकी जागा आहे. सुमारे १.३ मैलांवर झाडी संपते आणि पहिला मोठा, रुंद कातळ लागतो. तिथून दरीचे सुंदर दृश्य दिसते आणि बसायला ऐसपैस जागा आहे. तिथवर वाट जंगलातूनच जाते, त्यामुळे परतणे सोपे असते आणि जाऊन-येऊन अडीच मैलांहून किंचित अधिक चालणे होते. सकाळी नऊला निघालात तर साधारण साडेदहापर्यंत तिथे पोहोचायला हवे. तिथे दहा मिनिटे बसून सर्वांनी मिळून चार गोष्टी तपासाव्यात : घड्याळात अकरा वाजून गेले आहेत का, समोरचा कातळ ओला आहे का, आभाळ भरून येत आहे का आणि कोणाचे गुडघे किंवा मन कुरकुरत आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर डबे तिथेच उघडावेत आणि खाली यावे. हे घरूनच ठरवून निघाले म्हणजे वर गेल्यावर कोणाला कोणाची समजूत काढावी लागत नाही, विशेषतः थकलेल्या माणसाला ‘मी ठीक आहे’ असे खोटे सांगावे लागत नाही. हौशी मंडळींचा बेत माथा गाठण्याचा असतो आणि परतीचा विचार ते माथ्यावर गेल्यावर करतात. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

ओल्या कातळाविषयी थोडे अधिक लिहितो. पाऊस त्याच दिवशी पडलेला असेल असे नाही. आदल्या रात्रीच्या पावसाचे पाणी वरच्या शेवाळातून झिरपत राहते आणि कातळावर काळसर, चकाकणारे पट्टे उमटतात. त्यांवर पाय ठेवू नये. ऑक्टोबरमध्ये त्यात गळालेल्या पानांची भर पडते. भिजलेली पाने कातळाच्या खाचांत आणि झाडांच्या मुळांवर चिकटून बसतात आणि खाली काय आहे ते दिसू देत नाहीत. रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला असेल तर सकाळी याच पाण्याचा पातळ बर्फ झालेला असतो. अशा दिवशी या फेऱ्याऐवजी जंगलातली एखादी सपाट वाट निवडलेली बरी. आपला सह्याद्रीचा अनुभव इथे उपयोगी पडेल, कारण कातळटप्प्याची भीती आपल्याला नाही. मात्र किल्ल्याच्या पायथ्याशी गाव असते, वाट दाखवणारा कोणीतरी भेटतो आणि उतरल्यावर चहा मिळतो. इथे वाहनतळावर एक सूचनाफलक आणि बहुधा एक शौचालय एवढेच गृहीत धरावे.

हवामानाचा अंदाज पाहताना खालच्या गावाचा अंदाज पाहू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशात डोंगरावरच बोट ठेवून त्या बिंदूचा आणि त्या उंचीचा अंदाज मिळवता येतो. दर हजार फूट उंचीला तापमान साधारण साडेतीन अंश फॅरनहाइटने घटते. डिकीचा माथा २,७३४ फुटांवर, तर वाहनतळ हजार फुटांच्या आसपास आहे, तेव्हा वर सुमारे सहा अंशांचा फरक पडेल आणि वाऱ्यामुळे तो दुप्पट भासेल. ही शिखरे उंचीने मध्यमच आहेत आणि त्या भागात झाडांची सीमा साधारण साडेचार हजार फुटांच्या आगेमागे येते. पण या दोन्ही माथ्यांवर उघडा खडक असल्यामुळे वाऱ्याला अडवणारे काही नाही आणि विजा चमकू लागल्यास आडोसाही नाही. याच वनप्रदेशातील पर्वतरांगेत ६,२८८ फूट उंचीचे माउंट वॉशिंग्टन आहे. त्याच्या माथ्यावरील वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल वेगाचा वारा नोंदला गेला होता. आपण तिकडे जाणार नाही, पण त्या डोंगरांत हवा किती लवकर पालटते याची कल्पना यावरून यावी.

म्हणून कपड्यांच्या बाबतीत एकच नियम कडकपणे पाळावा : अंगाला लागून सुती कपडा नको. घामाने भिजलेले सुती बनियन वाळत नाही आणि माथ्यावर वारा लागला की अंगातली ऊब तेच शोषून घेते. आत कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा सदरा, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस आणि सॅकमध्ये पाऊस व वारा अडवणारे जाकीट असावे. कानटोपी आणि हातमोजे खाली उगाच वाटतात, वर मात्र कोणी काढत नाही. खोल खाचांचे तळवे असलेले, आधी घालून रुळवलेले बूट हवेत. चालण्याचे नेहमीचे गुळगुळीत तळव्याचे बूट या कातळावर चालणार नाहीत. आधाराच्या काठ्या उतारावर गुडघ्यांना मोठा दिलासा देतात, पण कातळ चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून घडी घालून सॅकला अडकवता येतील अशाच काठ्या घ्याव्यात.

सॅकमध्ये प्रत्येक मोठ्या माणसासाठी दोन लिटर पाणी, भुकेपेक्षा थोडे जास्त खाणे, कागदी नकाशा, शिटी, प्रथमोपचाराचे साहित्य, रोजची औषधे आणि डोक्याला लावायचा दिवा असावा. दिवसाच्या फेरीला दिवा कशाला, असे विचारले जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य साडेसहाच्या आधीच मावळतो आणि दाट झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येते. मुरगळलेल्या पायाने उतरताना शेवटचा एक मैल किती लांबतो हे सांगायला नको. वाटेतल्या ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळणीयंत्राशिवाय किंवा उकळल्याशिवाय पिऊ नये, कारण त्यात जिआर्डिया हा आतड्यांना त्रास देणारा परजीवी असू शकतो.

आता परवानगीविषयी. राष्ट्रीय वन आणि राष्ट्रीय उद्यान या अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. उद्याने ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर’ या खात्याच्या अखत्यारीत असून त्यांची सेवा १९१६ साली स्थापन झाली. वने मात्र कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहेत. ही सेवा १९०५ सालची आहे आणि तिच्याकडे आज दीडशेहून अधिक राष्ट्रीय वने आहेत. खाते निराळे म्हणून हेतूही निराळा आहे : वनांतून लाकूड काढले जाते, काही ठिकाणी गुरे चरतात, शिकार चालते, पाणलोटाचे रक्षण होते आणि लोक फिरायलाही येतात. बेसुमार तोडीने उघडे पडलेले पूर्वेकडील डोंगर सरकारला विकत घेता यावेत म्हणून १९११ साली वीक्स कायदा झाला आणि त्यातूनच १९१८ साली व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन अस्तित्वात आले. आज तिथली गर्द झाडी पाहून यावर विश्वास बसणे कठीण जाते.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इथे बहुधा प्रवेशद्वार नसते, तिकीट फाडणारा नसतो आणि आपण आत गेलो की नाही, परतलो की नाही, याची नोंद ठेवणाराही कोणी नसतो. दिवसाच्या पायी फेरीला परवाना लागत नाही. मात्र वेल्च-डिकीसारख्या काही वाहनतळांवर गाडी उभी करण्याचे काही डॉलर शुल्क असते. ते भरण्याची पद्धत नवख्याला गोंधळात टाकते. फलकापाशी पाकिटे ठेवलेली असतात. पाकिटावर गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहून, रोख रक्कम आत घालून ते लोखंडी नळकांड्यात टाकायचे आणि फाडून घेतलेला तुकडा काचेतून दिसेल असा गाडीत ठेवायचा. सुटे पैसे द्यायला तिथे कोणी नसते, म्हणून लहान नोटा बरोबर न्याव्यात. निघण्यापूर्वी वनाच्या संकेतस्थळावरील ताज्या सूचना वाचाव्यात. वृक्षतोड, पूल वाहून जाणे किंवा आगीचा धोका यांमुळे वाटा आणि रस्ते बंद ठेवले जातात. या वनाचे मुख्य कार्यालय कॅम्पटन येथे, आपल्या डोंगरापासून जवळच आहे. तिथे दूरध्वनी करून ‘वेल्चचा कातळ सध्या कसा आहे?’ असे सरळ विचारावे.

दिवस निवडताना ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणारी सुट्टी टाळावी. पानांचे रंग पाहायला त्या तीन दिवसांत अर्धे न्यू इंग्लंड (ईशान्य अमेरिकेचा हा भाग) रस्त्यावर असते आणि सकाळी लवकरच वाहनतळ भरून जातात. आधीच्या आठवड्यातील मंगळवार किंवा बुधवार उत्तम. फक्त नातवाची शाळा आडवी येईल.

प्रश्न : राष्ट्रीय वनात शिकार चालते हे वाचून धक्का बसला. शरद ऋतूत तिथे फिरणे सुरक्षित आहे का? आमच्या मुलीचा कुत्राही बरोबर असतो. — एक वाचक, पुणे

उत्तर : सुरक्षित आहे, पण दिसण्याची काळजी घ्यावी लागते. राष्ट्रीय वनांच्या बहुतेक भागांत त्या त्या राज्याच्या नियमांनुसार शिकारीला मुभा असते आणि हरणांच्या शिकारीचे हंगाम मुख्यतः शरदात येतात. त्या काळात सर्वांनी भडक नारिंगी बंडी किंवा टोपी घालावी आणि कुत्र्यालाही तशीच पट्टी बांधावी. तपकिरी आणि पांढरे कपडे कटाक्षाने टाळावेत, कारण तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे रंग तेच आहेत. वाट सोडून झाडीत शिरू नये. राज्याच्या संकेतस्थळावर हंगामाच्या तारखा मिळतात. बंदुकीच्या हंगामात माणसाने निर्धास्तपणे चालावे असे वाटत असेल तर तारखा पाहूनच बेत आखावा.

कुत्र्याला राष्ट्रीय वनाच्या बहुतेक वाटांवर नेता येते. राष्ट्रीय उद्यानांत मात्र अनेक वाटा त्याला बंद असतात. दोर लावलेलाच ठेवावा, म्हणजे तो अस्वलाच्या किंवा साळिंदराच्या मागे धावत नाही. काळे अस्वल माणसापासून सहसा दूर जाते. साळिंदर मात्र जागचे हलत नाही आणि मग कुत्र्याच्या थोबाडातील काटे काढायला पशुवैद्याकडे धावावे लागते.

प्रश्न : फोन असल्यावर नकाशा आणि शिटी कशाला हवी? शिवाय काही झालेच तर बचावाचा खर्च कोण देते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दऱ्याखोऱ्यांत फोनला नेटवर्क मिळेलच असे नाही, आणि नेटवर्क शोधण्यातच फोनची बॅटरी लवकर उतरते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवून फोन विमान-स्थितीत (एअरप्लेन मोड) ठेवल्यास बॅटरी बराच काळ टिकते. थंडीत ती झपाट्याने खाली येते, म्हणून फोन बाहेरच्या खिशात न ठेवता अंगाजवळ ठेवावा. अलीकडच्या काही फोनमध्ये उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय आहे. ती उघड्या आकाशाखाली चालते, दाट झाडीखाली अडखळते. तीन वेळा शिटी वाजवणे ही अमेरिकेत मदतीची सर्वमान्य खूण आहे आणि तिला बॅटरी लागत नाही. या साऱ्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे घरी राहिलेल्या एका माणसाकडे लिहून दिलेली चिठ्ठी : कोणती वाट, गाडीचा क्रमांक, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे.

खर्चाचा नियम राज्यागणिक बदलतो. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणाने वागल्यामुळे बचाव करावा लागला, तर त्याचा खर्च त्या माणसाकडून वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या राज्याचे मत्स्य व वन्यजीव खाते ‘हाइक सेफ’ नावाचे ऐच्छिक कार्ड विकते. ते एका व्यक्तीला २५ आणि कुटुंबाला ३५ डॉलरला मिळत आले आहे. त्यातून बचावकार्याच्या निधीला हातभार लागतो आणि कार्डधारकाला सामान्य निष्काळजीपणाबद्दलच्या वसुलीतून सूट मिळते. बेफिकीर वर्तनाला मात्र ते कार्ड वाचवत नाही. पाहुणे आलेले आई-वडील कौटुंबिक कार्डात धरले जातील असे गृहीत धरू नये, नियम वाचून घ्यावेत. आपला प्रवासविमा डोंगरातील अपघाताला लागू होतो का, हेही निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : न्यू इंग्लंडच्या जंगलात गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो, असे ऐकले. थंडी सुरू झाल्यावर भीती संपते का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संपत नाही. काळ्या पायांच्या प्रौढ गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्याच सक्रिय असतात आणि गवत, झुडपे व पालापाचोळा यांतून अंगावर चढतात. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, फिकट रंगाचे कपडे घालावेत म्हणजे त्या दिसतात, आणि डीट हे रसायन असलेले कीटकरोधक उघड्या त्वचेला लावावे. परतल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यांची मागची बाजू, कमरेचा पट्टा, कानांच्या पाठी आणि मुलांच्या केसांत बारकाईने पाहावे. कपडे ड्रायरमध्ये मोठ्या उष्णतेवर फिरवले म्हणजे त्यांत राहिलेल्या गोचिडी मरतात. आजाराचे जंतू शरीरात जायला गोचीड बहुधा एक दिवसाहून जास्त वेळ चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळची तपासणी महत्त्वाची. चिकटलेली आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिला काडीने चटका देणे किंवा तिच्यावर तेल, व्हॅसलीन लावणे टाळावे.

चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत त्या जागेभोवती पसरत जाणारा लालसर चट्टा, ताप किंवा सांधेदुखी दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. तोवर आपण भारतात परतलेले असाल, तर न्यू इंग्लंडच्या जंगलात चालून आल्याचे आणि त्याची तारीख डॉक्टरांना न विचारता सांगावी, कारण इथे तापाच्या रुग्णाबाबत डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू किंवा मलेरिया येतो आणि लाइमची शंका सहसा घेतली जात नाही.